पाळतीखालचे सज्जनपण

सरकारी पाळतीचा विषय निघाला की एक म्हण हमखास कानावर येते: कर नाही त्याला डर कशाला? फोन ऐकले जात असतील, चौकाचौकात कॅमेरे असतील, कोण कुठे गेला याची नोंद कुठेतरी होत असेल, तर होऊ द्या. आपण काही वावगे केलेले नाही, मग आपले काय जाते? या युक्तिवादाची ताकद अशी की तो नीतीच्या भाषेत बोलतो. पाळतीला हरकत घेणारा लगेच संशयित ठरतो आणि मान डोलावणारा सज्जन. त्याच्या पाठोपाठ दुसरे विधान येते: काळ दहशतवादाचा आहे, सुरक्षित राहायचे तर थोड्या स्वातंत्र्यावर पाणी सोडावेच लागेल. ही दोन्ही विधाने तपासून पाहिली तर टिकत नाहीत. निर्दोष माणसाने बेलगाम पाळतीला घाबरणे रास्त आहे, कारण पाळत बसली की दोषी कोण हे ठरवण्याचे काम न्यायालयाच्या हातून सुटते आणि फाइल लिहिणाऱ्याच्या हाती जाते. स्वातंत्र्य देऊन सुरक्षितता घेण्याचा व्यवहारही सरळ नाही. त्यात देणारा एक असतो, घेणारा दुसरा, आणि माल पोचल्याची पावती कोणीच दाखवत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न पहिल्यांदा ठळकपणे आला तो उत्तर प्रदेशातील खडक सिंह यांच्या खटल्यात. १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपावरून त्यांना पकडले होते आणि पुरावा नसल्यामुळे सोडून दिले होते. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपले. पोलिसांच्या दृष्टीने ते तिथे सुरू झाले. ठाण्यात त्यांच्या नावाची हिस्ट्रीशीट उघडली गेली. रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई दाराशी येत, हाका मारत, दार ठोठावत, झोपेतून उठवून माणूस घरात असल्याची खात्री करून घेत. परगावी जायचे झाले तर कुठे जाणार आणि परत कधी येणार हे चौकीदाराला सांगून जावे लागे. मग त्या गावच्या ठाण्याला कळवले जाई आणि तिथली पाळत सुरू होई. पोलीस नियमावलीत हे सगळे कलमवार लिहिलेले होते: घरावर गुप्त पहारा, सवयींची चौकशी, उत्पन्न-खर्चाची चौकशी, कोणाशी ऊठबस आहे त्याची नोंद. १९६२ च्या निकालात बहुमताने रात्रीच्या घरभेटी तेवढ्या घटनाबाह्य ठरवल्या आणि बाकीची पाळत कायम ठेवली. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असे त्या निकालात म्हटले गेले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी, न्यायमूर्ती शहा यांच्यासह, वेगळे मत नोंदवले. ज्याच्या प्रत्येक पावलावर डोळा आहे त्याला साऱ्या देशाचाच तुरुंग होतो, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ते मत योग्य होते हे मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले.

खडक सिंहांवर एकही गुन्हा सिद्ध झाला नव्हता. तरीही डर त्यांच्या दारात उभी होती. कोणी म्हणेल, एखाद्या ठाण्याचा अतिरेक झाला असेल, त्यावरून सगळ्या व्यवस्थेला बोल लावणे बरोबर नाही. पण महाराष्ट्राच्या मातीतच याहून फार मोठे उदाहरण आहे. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे तो देशभर पसरला. त्या कायद्याने पाळतीसाठी गुन्ह्याचीही गरज ठेवली नाही. जन्म पुरेसा होता. नोंदणी, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर परवाना. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट उभी राहिली आणि तिथली माणसे गिरण्यांत राबली. १९११ च्या कायद्यात तर मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याचीही तरतूद होती. हे सगळे कोणाच्या नावाने झाले? रयतेच्या सुरक्षिततेच्या. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. त्यांच्यावरची नजर मात्र विमुक्त झाली नाही. सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ मध्ये आला, आणि गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते हा अनुभव आजही जुना झालेला नाही. मागास आणि विमुक्त समाजातील निरपराध माणसांची नावे हिस्ट्रीशीटमध्ये सरसकट चढवू नका, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्येही सांगावे लागले. दीडशे वर्षांचा हा अनुभव एकच गोष्ट सांगतो: आधी कर आणि मग डर, असा क्रम पाळत पाळत नाही. ती आधी माणूस निवडते आणि मग त्याच्या साध्यासुध्या हालचालींत कर शोधते.

आता नीतीकडे वळू, कारण पाळतीच्या समर्थकांचा खरा आधार तोच आहे. कोणीतरी पाहत आहे हे ठाऊक असले की माणूस नीट वागतो, मग पाळतीने समाज सुधारेलच की, असे त्यांचे म्हणणे. वागणे बदलते हे खरे. पण काय बदलते ते पाहायला हवे. एडवर्ड स्नोडेनने जून २०१३ मध्ये अमेरिकी पाळतीची कागदपत्रे उघड केल्यानंतर दहशतवादाशी संबंधित विषयांवरचे विकिपीडियाचे लेख वाचणाऱ्यांची संख्या ठळकपणे घटली, असे जोनाथन पेनी या अभ्यासकाला आढळले. ज्ञानकोशातला लेख वाचणे गुन्हा नव्हता, अनीती तर नव्हतीच. लोकांनी पाप सोडले नाही, कुतूहल सोडले. नजरेखाली माणूस चांगला होत नाही, सावध होतो; आणि सावध माणूस वाईटाबरोबर चांगलेही टाळतो. अडचणीत सापडलेल्या मित्राला फोन करणे, आंदोलकाच्या घरच्यांची विचारपूस करणे, वरिष्ठाच्या गैरव्यवहाराची कागदे वार्ताहराला देणे, ही नीतीची कामे आहेत आणि नेमकी हीच कामे पाळतीखाली पहिल्यांदा थांबतात. नीतीला एकांत लागतो. शंका घ्यायला, चुकायला, चूक उमगून मत बदलायला, कोणाच्या शाबासकीवाचून योग्य ते निवडायला माणसाला अशी जागा हवी जिथली नोंद कोणी ठेवत नाही. बघणारा हटल्यावर जे उरते तेच खरे चारित्र्य.

यावर श्रद्धावान माणूस विचारील, देव तर सगळे पाहतोच. त्या नजरेने माणसाची नीती कधी मेली नाही, उलट जगली. प्रश्न गंभीर आहे आणि त्याचे उत्तर आपल्या संतपरंपरेतच आहे. वारकरी ज्याला साक्षी मानतो तो आत आहे, बाहेर नाही. तो पाहिलेले ठाण्यात कळवत नाही, बढती-बदलीसाठी वापरत नाही, निवडणुकीच्या तोंडावर बाहेर काढत नाही. त्याच्यापुढे पश्चात्तापाला किंमत आहे आणि क्षमेला जागा आहे. फाइलला क्षमा ठाऊक नाही. विसाव्या वर्षी केलेले विधान ती पन्नासाव्या वर्षी तेवढ्याच ताजेपणाने पुढे करते. शिवाय फाइल लिहिणारा आपल्यासारखाच माणूस असतो, आणि त्याच्या नीतीचे काय होते हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या महानिरीक्षकांनी २०१३ मध्ये कबूल केले की २००३ पासून जाणूनबुजून गैरवापराची १२ प्रकरणे सिद्ध झाली होती. त्यांतल्या काहींत कर्मचाऱ्यांनी परकीय शत्रूंवर रोखलेली यंत्रणा आपल्या प्रेयसीवर, जोडीदारावर फिरवली होती. पूर्व जर्मनीत ही कीड घराघरात शिरली. सुमारे एक कोटी साठ लाख वस्तीच्या त्या देशात १९८९ मध्ये स्टासी या गुप्त पोलीस खात्याचे ९१ हजारांच्या आसपास पूर्णवेळ कर्मचारी होते आणि दीड लाखाहून अधिक खबरी. १९९२ मध्ये फाइली नागरिकांना खुल्या झाल्या, तेव्हा राजवटीविरुद्ध लढलेल्या एका कार्यकर्तीला कळले की ‘डोनाल्ड’ या टोपणनावाने तिच्या बातम्या पुरवणारा माणूस तिचा नवराच होता. त्या राजवटीने नागरिकांना सज्जन केले नाही. तिने विश्वास हीच गोष्ट धोक्याची करून टाकली, आणि विश्वासावाचून कुठलीही नीती उभी राहत नाही.

नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी निदान सुरक्षितता तरी मिळते का? मुंबईइतका हा प्रश्न विचारण्याचा अधिकार फार थोड्या शहरांना आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे गेली. त्या रात्री फोन ऐकण्याचा उपयोग झाला हे आधी मान्य करू: अतिरेकी आणि पाकिस्तानातील त्यांचे सूत्रधार यांच्यातील संभाषण पोलिसांनी पकडले आणि पुढे खटल्यात ते महत्त्वाचा पुरावा ठरले. पण ते ऐकणे नेमके होते. विशिष्ट क्रमांक, विशिष्ट संशयित, डोळ्यांसमोर घडणारा गुन्हा. सरसकट पाळतीच्या बाजूने ते उदाहरण वापरता येत नाही. हल्ल्याआधी काय कमी पडले? समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो अशा सूचना यंत्रणांकडे होत्या. हल्ल्याच्या कटातील डेव्हिड हेडलीच्या पत्नीने स्वतः इस्लामाबादेतील अमेरिकी दूतावासात जाऊन त्याच्याविषयी सांगितले होते. माहिती होती, ती वेळेवर जुळवणारे आणि तिच्यावर हालचाल करणारे कमी पडले. आणि हल्लेखोरांपैकी कसाब जिवंत हाती लागला तो गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत, कारण सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्याच्या बंदुकीची नळी पकडून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. नंतर शहरात साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे बसले. पण हातात साधी लाठी असलेल्या पोलिसाला बरे चिलखत, बरे शस्त्र, बरे प्रशिक्षण आणि किनाऱ्यावर चालू स्थितीतली गस्ती बोट देणे, ही सुरक्षितता नागरिकाचे एक अक्षरही न वाचता मिळते.

अमेरिकेने याचा हिशेब तपासून पाहिला आहे. २००१ नंतर तिथे कोट्यवधी नागरिकांच्या फोनच्या नोंदी सरसकट गोळा केल्या जात होत्या. कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला याच्या त्या नोंदी. खासगीपणा आणि नागरी स्वातंत्र्यावर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या अधिकृत मंडळाने गोपनीय कागदपत्रे पाहून जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. देशाला असलेल्या धोक्याच्या एकाही तपासात या कार्यक्रमामुळे निकालात ठोस फरक पडल्याचे उदाहरण मंडळाला सापडले नाही. मे २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो कार्यक्रम कायद्याला धरून नसल्याचे म्हटले आणि जूनमध्ये अमेरिकी काँग्रेसने तो त्या स्वरूपात बंद केला. म्हणजे जगातील सर्वांत श्रीमंत पाळतयंत्रणेनेही एवढे स्वातंत्र्य घेऊन बदल्यात काय दिले, याचा पुरावा निघाला नाही. गवताची गंजी वाढवली म्हणून सुई लवकर सापडत नाही.

सुरक्षितता कोणाची, हाही प्रश्न आहे. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांनी मुलींची छेड काढणारे पकडले जातात, अपघात करून पळणारी गाडी सापडते. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जाणाऱ्या चित्रणाला कोणी शहाणा माणूस विरोध करणार नाही. पण कॅमेरा जिथे सर्वांत निकडीचा आहे अशी एक जागा म्हणजे पोलीस कोठडी. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, प्रवेशद्वारांवर सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. त्याचे काय झाले, हे न्यायालयाला नंतर पुन्हा पुन्हा विचारावे लागले आहे. नागरिकांवर कॅमेरे रोखताना जी तत्परता दिसते ती सत्तेवर कॅमेरा रोखताना कुठे जाते? कर नाही त्याला डर कशाला, ही म्हण खरी लागू पडते ती इथे, कारण इथे पाहिला जाणारा सरकारी पगारावर आहे आणि त्याच्या ताब्यात दुसऱ्याचा जीव आहे.

व्यवहारी माणसाची हरकत अशी: आपल्याकडे कायदा आहे, गृहसचिवाच्या सहीशिवाय फोन ऐकता येत नाही, मग एवढी काळजी कशाला? १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला अटी घातल्या हे खरे. आदेश उच्चपदस्थाने द्यावा आणि पुनर्विलोकन समितीने तो तपासावा. पण ही समितीही सचिवांचीच. तिच्यावर न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा खासदार नाही. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार एकट्या केंद्राकडून महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० आदेश निघत. दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या समितीपुढे म्हणजे १५ ते १८ हजार आदेश येणार, हे अशक्य काम असल्याचे विदा संरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये स्पष्ट लिहिले. आठ तास एकही घोट पाणी न पिता पुनर्विलोकन समिती बसली तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. तेवढ्या वेळात नाव वाचून होत नाही, कारण कुठून वाचणार? ज्याचा फोन ऐकला गेला त्याला तर कधीच कळत नाही, त्यामुळे तो दाद मागणार कशी? २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या तपासातील एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली, कारण कायद्याला लागणारी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता तिथे नव्हती. त्याच्यावर खटला झाला म्हणून ते उघडकीस तरी आले. बाकीच्या हजारोंचे काय?

आजच्या सरकारवर विश्वास आहे, असे सांगणारेही पुष्कळ आहेत. सरकार कोणतेही असो, हा विश्वास यंत्रणेवर ठेवता येत नाही, कारण यंत्रणा सरकारबरोबर जात नाही. पुढच्याच्या हाती जाते. आणीबाणीत मिसाखाली माणसे डांबली गेली तो कायदा १९७१ चाच होता, आधीच तयार असलेला. शिवाय ही यंत्रणा आपला हिशेब देत नाही; पेगॅससच्या प्रकरणात ते दिसले. हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर आपण फक्त सरकारांनाच विकतो, असे ते बनवणारी कंपनी सांगते. भारत सरकारने ते वापरले की नाही, याचे सरळ उत्तर सर्वोच्च न्यायालयालाही मिळाले नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले की न्यायालयाने गप्प बसावे असे होत नाही, असे बजावून तांत्रिक समिती नेमली. समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले, ते पेगॅससच आहे हे सिद्ध झाले नाही, आणि सरकारने चौकशीला सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. नागरिकाने काही लपवायचे नाही आणि सरकारने काही सांगायचे नाही, अशी ही विभागणी आहे. लोकशाहीत ती नेमकी उलट असायला हवी.

आपण खासगी कंपन्यांना सगळे देतोच, मग सरकारलाच का नको, हा शेवटचा आक्षेप. कंपन्यांची हाव खरी आहे आणि तिला लगाम हवाच. पण कंपनी कोणाला अटक करत नाही, तुरुंगात टाकत नाही, मतदार यादीतून किंवा शिधापत्रिकेवरून नाव काढत नाही. शिवाय कंपनीने जमवलेले सरकार मागून घेऊ शकते, म्हणून एकाचा अतिरेक दुसऱ्याच्या अतिरेकाचे समर्थन होऊ शकत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने कंपन्यांवर बंधने घातली आणि त्याच कायद्यात केंद्राला स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा ठेवली. जो सर्वांत बलवान त्यालाच मोकळीक, असा हा कायदा आहे.

सरकारने कोणावरही कधीच नजर ठेवू नये, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. बॉम्ब ठेवणाऱ्याचा, माणसांची तस्करी करणाऱ्याचा फोन ऐकावा लागतो आणि ऐकावा. मागणी तीनच गोष्टींची आहे. फोन ऐकण्याचा आदेश न्यायिक अधिकाऱ्याच्या संमतीने निघावा. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीनंतर न्यायिक आयुक्ताची मान्यता आवश्यक केली, आणि त्यामुळे तिथले गुप्तचर खाते बंद पडलेले नाही. तपास संपल्यावर, आणि त्याला बाधा येत नसेल तेव्हा, संबंधित माणसाला कळवावे. आणि दरवर्षी किती आदेश निघाले, किती फेटाळले, किती प्रकरणांत त्याचा उपयोग झाला, हे आकडे संसदेपुढे ठेवावेत. अशा संरक्षणाची मागणी नवी नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटनासभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घर, कागदपत्रे आणि व्यक्ती यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी दुरुस्ती मांडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली होती; स्वतःच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या १९४७ च्या मसुद्यातही त्यांनी असेच संरक्षण लिहिले होते. सभागृहाने ती दुरुस्ती नाकारली. ती चूक न्यायालयाने २०१७ मध्ये तत्त्वतः दुरुस्त केली. कायद्यात दुरुस्त करणे संसदेचे काम आहे आणि ते अजून झालेले नाही. तुमचा खासदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला या तीन मागण्यांबद्दल विचारा. आणि तो कर नाही त्याला डर कशाला असे म्हणाला, तर त्याला एवढेच सांगा की मग सरकारने हे आकडे जाहीर करायला घाबरू नये.